चाळिसावा सामना

३ मार्च, सोमवार

राष्ट्रीय महिला हँडबॉल संघाची प्रशिक्षक म्हणून आज माझी नेमणूक झाली. पत्र हातात देताना संघटनेचे सचिव म्हणाले, "मॅडम, खरं सांगायचं तर दुसरं कोणी तयार होईना." हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण माणूस सरळ आहे, म्हणजे त्याला खोटं बोलायचा कंटाळा आहे.

आपल्या खंडातल्या देशांच्या स्पर्धेला पाच आठवडे उरलेत. शाळेतून रजा घेतली. माझ्या पीटीच्या तासाला रडणाऱ्या मुली सुटल्या एकदाच्या.

आमच्या संघाचा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण तो फार लांबलचक नाही. तेवीस वर्षं, सदतीस आंतरराष्ट्रीय सामने, छत्तीस पराभव, एक बरोबरी. ती बरोबरीसुद्धा समोरच्या अर्ध्या संघाचं पोट बिघडलं होतं म्हणून. पहिला सामना चार विरुद्ध सत्तेचाळीस असा गेला. गोलात मी होते, बावीस वर्षांची. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आणि वर एकच शब्द: 'चाळण'. आईला वाचता येत नव्हतं. लेकीचा फोटो पेपरात आला म्हणून तिने ते कात्रण चौकट करून भिंतीवर लावलं. येईल त्याला हौसेने दाखवायची. लोक बघायचे आणि चहा प्यायचे.

मला पदक नको, चषक नको. एक विजय हवाय. फक्त एक.

८ मार्च, शनिवार

निवड झाली. पहिली गोलरक्षक म्हणून शिडीला घेतलं. शिडी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. वय एकोणीस, उंची सहा फुटांना दोन बोटं कमी, म्हणून सगळा संघ तिला शिडी म्हणतो. नात्यातली म्हणून घेतली असं लोक म्हणतील. म्हणू देत. तिच्याइतके लांब हात या शहरात दुसऱ्या कोणाचे नाहीत.

संध्याकाळी बहिणीकडे गेले. ती बस डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसते. नुकतीच कामावरून आली होती, पाय बादलीत सोडून बसली होती.

"ताई, घे तिला," ती म्हणाली. "पण तू तिची मावशी आहेस हे लक्षात ठेव."

"मैदानात मी कोणाची मावशी नाही."

"म्हणूनच सांगतेय."

शिडी दारात उभी राहून हसत होती. मला म्हणाली, "मावशी, तू बघच. एकही आत जाऊ देणार नाही." मी तिला सांगितलं, उद्यापासून मॅडम म्हणायचं. तिने सॅल्यूट ठोकला. पोरीला कशाचंच गांभीर्य नाही.

१३ मार्च, गुरुवार

शिडीची खोड सापडली. चेंडू सुटला की तिचे डोळे मिटतात. क्षणभरच, पण तेवढ्यात गोल होतो. मीही मिटायचे. मला कोणी सांगितलंच नाही, म्हणून तर सत्तेचाळीस झाले.

यावर उपाय एकच. आज तिला गोलात उभं केलं, तिचे हात पाठीमागे टॉवेलने बांधले आणि मुलींना सांगितलं, पाच मीटरवरून तोंडाच्या दिशेने फेका. हाताने अडवता येत नाही म्हटल्यावर माणूस बघायला शिकतो. बघून मान काढून घेतो.

कप्तान चेंडू हातात धरून उभी राहिली. "मॅडम, मी नाही फेकणार."

"का?"

"हे बरोबर नाही."

"छत्तीस वेळा हरणं बरोबर आहे?"

तिने चेंडू खाली ठेवला आणि बाकावर जाऊन बसली. मग मीच फेकले. साठ. पहिल्या वीसमध्ये अकरा लागले, शेवटच्या वीसमध्ये चारच. सुधारणा डोळ्यांनी दिसत होती. शिडीचा ओठ फुटला, तरी हसत होती. टॉवेल सोडला तेव्हा म्हणाली, "मॅडम, उद्या पाय पण बांधा, म्हणजे पार्सल पूर्ण होईल." सगळ्या हसल्या. कप्तान सोडून.

जरा जास्त झालं का, असं घरी येताना वाटलं. पण आईने आम्हाला वाढवलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं जास्त झालं का ते. मोडलो नाही.

१९ मार्च, बुधवार

आज हात मोकळे ठेवून सराव. संघात एक डावखुरी आहे, तिचा हात म्हणजे गोफण. तिची एक फेक शिडीच्या कानशिलावर बसली. शिडी आडवी झाली. मी धावत गेले, खोटं कशाला बोलू, घाबरले होते. पण मिनिटभरात तिने डोळे उघडले.

"कुठला हाफ चालू आहे?" तिने विचारलं.

सराव होता, हाफ कुठला असणार! मुली खो-खो हसल्या. या पोरीला मरतानासुद्धा विनोद सुचेल. पाणी पाजलं, तोंडावर मारलं, पुन्हा उभी केली. पडल्यावर लगेच उठवलं नाही तर भीती अंगात मुरते. आणखी वीस मिनिटं खेळली. डोळे एकदाही मिटले नाहीत. नुसती बघत राहायची, चेंडू जाळ्यात गेला तरी तिथेच बघत राहायची. एकाग्रता यायला लागली म्हणायची.

२१ मार्च, शुक्रवार

शिडीला सरावाआधी दोनदा उलटी झाली. उपाशीपोटी येतात आणि मग हे असं होतं. सगळ्यांना उद्यापासून नाश्ता करूनच यायला बजावलं.

आता नवीन फॅशन काढलीय बाईसाहेबांनी. हॉलमध्येसुद्धा टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बसते. म्हटलं, काढ ती, आपण काय समुद्रकिनाऱ्यावर आहोत? तर म्हणे दिवे फार लख्ख आहेत. दिवे तेच आहेत, वर्षानुवर्षांचे. त्यातले चार तर बंद आहेत.

२७ मार्च, गुरुवार

काल रात्री बहिणीचा फोन.

"ताई, पोर दिवसभर झोपते गं. कॉलेजला जात नाही. काल चहात दोनदा मीठ टाकलं. ग्लासात पाणी ओतायला गेली तर ग्लासाच्या बाजूला ओतलं, आणि बघत बसली."

"दमते. सराव काही थट्टा आहे का?"

"तू डॉक्टरला दाखवशील का?"

"अगं, संघाबरोबर डॉक्टर येणारच आहे. आणि हे वय आहे. असेल कोणी मनात. आठव, तू त्या टायपिंगच्या क्लासला जायचीस तेव्हा चपला उलट्या घालून जायचीस."

ती हसली. मग म्हणाली, "ताई, तू बघतेयस ना तिच्याकडे?"

"रोज बघते," मी म्हटलं. खोटं नाही ते.

फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. सकाळी सरावाला शिडीला बाजूला घेऊन तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला, टीव्हीवर मारतात तसा. बुबुळं सारखीच वाटली. डावं किंचित मोठं असेल. माझे तरी दोन डोळे कुठे सारखे आहेत? विचारलं, "दुखतंय का कुठे?" ती म्हणाली, "नाही मॅडम." मग थोड्या वेळाने, "मला घेऊन जाणार ना?"

"दुखत नसेल तर."

"नाही दुखत."

झालं. मी काय तिच्या डोक्यात शिरून बघू?

७ एप्रिल, सोमवार

स्पर्धेच्या गावी पोचलो. राहायची जागा म्हणजे एका क्रीडासंकुलाचं वसतिगृह. लोखंडी पलंग, पातळ गाद्या, जिन्यात रंगाचा वास. मुलींना राजवाडा वाटतोय. शिडी दोन वेळा आपली खोली चुकून माझ्या खोलीत आली. तिसऱ्या वेळी मी दरवाजावर तिचं नाव मोठ्या अक्षरात चिकटवलं. कप्तान बघत होती. तिचं बघणं मला आवडत नाही.

संघाची डॉक्टर आज रुजू झाली. सडपातळ, तिशीच्या आतली. सारखी वहीत लिहीत असते.

८ एप्रिल, मंगळवार

पहिला सामना, आमच्या इतिहासातला अडतिसावा. हरलो, अठरा विरुद्ध पस्तीस. पण शिडीने चौदा चेंडू अडवले. चौदा! गेल्या विजेत्या संघाविरुद्ध! त्यांची प्रशिक्षक येऊन हात मिळवून गेली. मला म्हणाली, तुमची गोलरक्षक मोठी होणार. तेवीस वर्षांत मैदानाच्या पांढऱ्या रेषेजवळ कोणी माझा हात हातात घेतला नव्हता.

१० एप्रिल, गुरुवार

एकोणचाळिसावा. वीस विरुद्ध एकोणतीस. शेवटच्या मिनिटाला चेंडू शिडीच्या कपाळावर लागला. पडली, उठली, आणि चालत चालत समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसली. प्रेक्षक हसले. त्या परक्या मुलींनी तिला पाणी दिलं.

डॉक्टर तिला आत घेऊन गेली. अर्ध्या तासाने माझ्याकडे आली.

"मॅडम, हिला याआधी डोक्याला मार लागला होता का?"

"हा हँडबॉल आहे. मार लागतोच."

"तिला कालचा वार सांगता येत नाही. एका रेषेत चालता येत नाही. हा पहिला मार नाही. ती आता खेळायची नाही. परवा नाही, पुढचे काही महिने नाही. आणखी एक फटका बसला तर..."

"परवाचा सामना जिंकण्यासारखा आहे," मी म्हटलं. "तो संघ आमच्याइतकाच वाईट आहे. असा मोका दहा वर्षांत येत नाही."

"मी स्पर्धेच्या कार्यालयात लेखी देऊन आलेय. नियमच आहे. तिचं नाव निघालंय."

आणि निघून गेली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मला कागदाची प्रत दिली नाही. हे लिहून ठेवते.

११ एप्रिल, शुक्रवार

सरावात दुसऱ्या गोलरक्षकाला उभं केलं. चेंडू आला की ही गोल सोडून बाजूला होते, एखाद्याला जायला वाट द्यावी तशी. चाळीस फेकांमधल्या चार अडवल्या, त्यातल्या दोन चुकून.

शिडी बाकावर टोपी घालून बसली होती. मी शेजारी बसले.

"मावशी," ती म्हणाली. मी मॅडम म्हणायला सांगितलं नाही. "माझं नाव काढलं का?"

"कोणी सांगितलं?"

"डॉक्टर म्हणाल्या."

"तुला काय वाटतं? खेळता येईल?"

तिने टोपी जरा वर सरकवली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं येईल."

"मग येईल," ती म्हणाली.

मी जबरदस्ती केली नाही. तिनेच म्हटलं. शब्द न शब्द असाच होता.

१२ एप्रिल, शनिवार

जिंकलो.

पुन्हा लिहिते. जिंकलो. चोवीस विरुद्ध तेवीस. चाळिसावा सामना. अक्षर बघ कसं येतंय.

नीट क्रमाने लिहायला हवं. सकाळी आमच्या एका मुलीचं बोट सुजलेलं दिसलं. मी डॉक्टरला म्हटलं, मोडलं असेल, एक्स-रे काढून आणा. ती म्हणाली, सामना झाल्यावर जाऊ. मी म्हटलं, उद्या बोट वाकडं राहिलं तर तुम्ही जबाबदार. गेली. इस्पितळ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, हे मला ठाऊक होतं.

मग सामन्याच्या यादीत शिडीचं नाव लिहिलं. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाने नावं जर्सीच्या नंबरांशी ताडून पाहिली आणि शिक्का मारला. झालं. म्हटलं, कार्यालयातले कागद कोण वाचतं?

कप्तान हे बघत होती. "मॅडम, तिला उभं करू नका," ती म्हणाली. "मी पाया पडते तुमच्या."

"तुला जिंकायचं नाही का?"

ती वळून निघून गेली. पण जिंकायचं होतं तिलाही. नऊ गोल केले तिने.

शिडीने एकोणीस अडवले. कसे ते देव जाणे. प्रत्येक वेळी तिला पोस्टला हात लावून गोल कुठे आहे ते चाचपावं लागत होतं, पण चेंडू सुटला की अंग आपोआप जायचं. शरीर शिकलं होतं. मी शिकवलं होतं ते.

शेवटचे चार सेकंद. आम्ही एकने पुढे, आणि त्यांना सात मीटरची थेट फेक मिळाली. मध्ये कोणी नाही, एक फेकणारी आणि एक अडवणारी. शिडी रेषेवरून पुढे सरकली, हात पसरले. डोळे सताड उघडे. चेंडू सरळ तोंडावर आला आणि उडून छताकडे गेला. भोंगा वाजला.

सगळ्या मुली धावत जाऊन तिच्यावर पडल्या. एकावर एक, तेरा जणींचा ढीग. मीसुद्धा पडले. तेवीस वर्षांचं सगळं त्या ढिगात ओरडून काढलं. खाली कप्तान किंचाळत होती, "उठा! उठा तिच्यावरून!" मला वाटलं आनंदाने ओरडतेय.

ढीग मोकळा झाला तेव्हा शिडी खाली तशीच होती. डोळे उघडे. एक पाय आपोआप हलत होता.

१३ एप्रिल, रविवार

इस्पितळात आहे. डोक्यात रक्त साचलं होतं, कवटी उघडून काढावं लागलं. बोटाच्या एक्स-रेला गेलेली डॉक्टर तिथेच होती, त्यामुळे वेळ वाचला. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाहेर बाकावर मी आणि कप्तान होतो. कप्तानच्या हाताला चेंडू निसटू नये म्हणून लावतात ती राळ अजून चिकटलेली होती, नखांनी खरवडत बसली होती. पाच तासांत ती एकच वाक्य बोलली. "मी पण खेळले, मॅडम."

म्हणजे काय ते कळलं नाही. खेळली, छान खेळली.

१५ एप्रिल, मंगळवार

स्पर्धेच्या समितीचं पत्र. अपात्र खेळाडू मैदानात उतरवल्यामुळे निकाल रद्द. शून्य विरुद्ध दहा, आमचा पराभव. म्हणजे कागद वाचतात. सामना संपल्यावर वाचतात.

सचिवांचा फोन आला. "मॅडम, सदतीसचे चाळीस सामने केलेत, छत्तीसचे एकोणचाळीस पराभव. जिंकून हरण्याचा प्रकार मात्र आपल्याकडे पहिलाच." मग आवाज खाली आणून विचारलं, "पोर कशी आहे?"

मी म्हटलं, जिवंत आहे. फोन ठेवल्यावर भिंतीला डोकं टेकून रडले. शून्य विरुद्ध दहा. एकोणीस अडवले होते तिने, आणि नोंदीत दहा गेले.

१७ एप्रिल, गुरुवार

बहीण आली. तिला इस्पितळाच्या दारात घ्यायला गेले. तिने मला हातातली पिशवीही घेऊ दिली नाही. मी म्हटलं, "अगं, ऐक तरी."

"रोज बघत होतीस ना?" ती म्हणाली. एवढंच. आणि लिफ्ट न घेता पाच मजले चढून गेली.

६ मे, मंगळवार

चौकशी होणार. सचिवांनी बोलावलं होतं. पंखा बंद करून, दार लावून बोलले.

"दोघींपैकी एक जाणार. तुम्ही किंवा डॉक्टर. डॉक्टरने कार्यालयाला दिलं तसं तुम्हालाही लेखी दिलं होतं?"

"नाही."

"साक्षीदार?"

"कोणी नाही."

"मग तुम्हाला माहीतच नव्हतं," ते म्हणाले, आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "फक्त खेळाडूने स्वतः म्हटलं पाहिजे, की दुखणं मी लपवलं. मॅडमना सांगितलं नाही."

आणि खरंच, तिने सांगितलं नव्हतंच. विचारलं तेव्हा 'नाही मॅडम' म्हणाली होती. मी इथेच लिहून ठेवलंय. यात एक अक्षर खोटं नाही.

डॉक्टरचं वाईट वाटतं. पण ती तरुण आहे. तिला कुठेही नोकरी मिळेल. मला दुसरा संघ कोण देणार?

३१ मे, शनिवार

बहीण डेपोत असते त्या वेळी तिच्या घरी गेले. शेजारीण शिडीपाशी बसली होती. मी म्हटलं, तुम्ही घरी जाऊन या, मी आहे.

शिडी खिडकीजवळच्या खुर्चीत होती. केस कापलेले, एका बाजूला टाक्यांची रेघ. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोणाचा तरी विसरलेला असावा तसा. मला बघून तिचा चेहरा उजळला. त्या घरात मला बघून आनंद होणारं तेवढंच माणूस उरलंय.

"मावशी! सराव आहे?"

"आज सुट्टी."

इकडचं तिकडचं बोललो. शब्द मध्येच हरवतात, मग ती त्यांच्यासाठी थांबते, मीही थांबले. मग कागद काढला. वाचून दाखवला. दुखापत मी लपवली, प्रशिक्षकांनी विचारलं असता काही होत नाही असं सांगितलं, वगैरे.

"मी असं केलं?"

"हो."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. आठवायचा प्रयत्न करत होती, घाम आला तिला. मग म्हणाली, "मला नाही आठवत गं. पण तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल." आणि माझा हात धरला. "तुला माझ्यामुळे त्रास झाला का?"

मी म्हटलं, "असू दे. झालं ते झालं."

"रागावलीस?"

"नाही."

सही डाव्या हाताने केली. लहान मुलांसारखी आली, ओळीच्या बाहेर गेली. मी कागदाखाली पुस्तक धरलं होतं. चालेल, सचिव म्हणाले होते कशीही चालेल.

मी घडी घालत होते तेव्हा तिने विचारलं, "त्या सामन्यात मी किती अडवले?"

"एकोणीस."

तिचे डोळे मोठे झाले. "एकोणीस! मग जिंकलो आपण?"

"जिंकलो," मी म्हटलं.

ती इतकी हसली की खुर्ची हलली. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं, किती अडवले. पुन्हा सांगितलं. पुन्हा तितकीच हसली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चपला घालत होते. बहिणीची यायची वेळ झाली होती. शेजारणीला हाक मारली आणि निघाले.